आबांची वरात आणि मखमलची पाठ

तुम्हाला सांगतो, माणूस सोफा घ्यायला गेला तर पहिलं काय करतो? बसतो ना? दुकानदार बोंबलत असतो, साहेब सागवान आहे, साहेब दहा वर्षं हलणार नाही, तरी आपण बूड टेकवतो, दोनदा वर-खाली होतो आणि मग तोंड वाकडं करून म्हणतो, "बघतो, सांगतो." प्लास्टिकची खुर्ची घेताना बसतो. संडासाचं भांडं बसवलं तरी मिस्त्री जायच्या आधी एकदा बसून बघतो. आणि आमच्या वस्तीतल्या पाच शहाण्या म्हाताऱ्यांनी, जयंती मंडळाचे आजी-माजी सगळे पदाधिकारी, त्यांनी एक अख्खा घोडा आणला. जिवंत. पांढरा. त्याच्यासमोर फटाके लावून बघितले, त्याला डीजेच्या भिंतीला टेकवून उभं करून बघितलं, रस्ता खोदणारा जेसीबी त्याच्या शेपटीजवळून नेऊन बघितला, तोंड उघडून दात बघितले, शेपूट उचलून... जाऊ दे... सगळं बघितलं! फक्त त्याच्यावर बसून बघितलं नाही. एकानेही!

मी म्हटलं होतं. पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, "काका, कोणीतरी बसून बघू या का?" तर शिवदासकाकांनी चष्मा नाकावर खाली घेतला, माझ्याकडे वरून बघितलं आणि म्हणाले, "प्रबुद्ध, तुझं शिक्षण किती?"

झालं! विषय संपला. माझं शिक्षण म्हणजे मेकॅनिकलचा डिप्लोमा, दुसऱ्या वर्षाला तीन केट्या, म्हणजे तीन विषय राहिलेले, आणि त्यानंतर मी कॉलेज सोडलं की कॉलेजने मला सोडलं, हे आमच्या घरात अजून ठरायचंय. तेव्हापासून मानखुर्दच्या आमच्या वस्तीत माझं मत म्हणजे, पाणी गेल्यावर नळातून आवाज येतो ना... फुस्स... तेवढंच. एखादा म्हातारा गॅसची नळी उलटी लावत असला आणि मी म्हटलं, अहो पेटेल, तरी तो म्हणणार, तुझं शिक्षण किती?

आता तुम्ही म्हणाल, घोडा कशाला? लग्न कोणाचं? तर लग्न माझ्या आजोबांचं. हसू नका. आबांचं. सीताराम त्यांचं नाव, वय पंच्याहत्तर, ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्रात पस्तीस वर्षं माळी होते. सगळे शास्त्रज्ञ आत अणू फोडत होते आणि हे बाहेर जास्वंदीला पाणी घालत होते, पण बोलतात असे की दोन्ही कामं त्यांनीच केली. तर ह्यांच्या लग्नाला या मे महिन्यात पन्नास वर्षं झाली. आणि ह्यांना वरात पाहिजे. घोड्यावरून.

कारण पहिली झालीच नव्हती. म्हणजे निघाली होती. पंच्याहत्तर साली, बुलढाण्याकडे, आजीच्या गावात. हे नवरदेव, पंचवीस वर्षांचे, डोक्याला बाशिंग, घोड्यावर बसून वेशीपाशी आले आणि वेशीत दहा-बारा जण काठ्या घेऊन उभे. "तुमच्यातला नवरदेव आमच्या गावात घोड्यावरून? खाली उतर." उतरवलं. चालत मांडवात गेले. घोडा मागून रिकामा.

ही टेप मी जन्मल्यापासून ऐकतोय. कोणाच्या लग्नाला जा, बारशाला जा, एकदा तर मयताला गेलो होतो, तिथे पण कोणीतरी विचारलं, कसे आहात सीतारामभाऊ, की झाली सुरू टेप! आणि तुम्हाला खरं सांगतो, मला राग यायचा. त्या काठीवाल्यांचा येतोच, तो येणारच, पण आबांचाही यायचा. मी तोंडावर बोललोय. म्हटलं, "आबा, केस केलीत? नाही. परत गेलात? नाही. पन्नास वर्षं नुसतं आम्हाला सांगताय. चला, मी येतो, वीस पोरं आणतो, त्याच वेशीतून तुम्हाला घोड्यावरून नेतो. बघू कोण अडवतो!"

तर आबा म्हणाले, "पोट्ट्या, तिथं आता कोण हाय? उतरवणारे मरून गेले. वेस पडली. तिथं मोबाईलचं दुकान झालं. मी का त्या दुकानाले दाखवू, घोड्यावर बसलो म्हणून?"

"मग पाहिजे काय तुम्हाला?"

"मले फक्त एकदा जायाचं हाय. आपल्या गेटपासून विहारापर्यंत. घोड्यावर. कोणी उतर न म्हणता."

गेटपासून आमचं बुद्धविहार म्हणजे किती? तीनशे पावलं. रिक्षावाला येणार नाही एवढं अंतर. म्हटलं, ठीक आहे यार, तीनशे पावलांसाठी म्हातारा पन्नास वर्षं थांबलाय, होऊन जाऊ दे.

आजीचं मत वेगळं होतं. राधा तिचं नाव, आणि ती कोणाच्या बापाला घाबरत नाही. ती निवडलेल्या मेथीवरून मान वर न करता म्हणाली, "मी त्या दिवशी मांडवात पदर घेऊन बसले होते. मले काय माहीत घोडा अन् हत्ती? चालत आला म्हणून वेळेवर तरी आला. बाकीच्यांचे नवरदेव चार-चार तास उशिरा यायचे."

पण आजीचं ऐकून वरात थांबत नाही. सूत्रं गेली शिवदासकाकांकडे. हे टपाल खात्यातून रिटायर झालेले, युनियनचे जुने नेते, समोर तीन माणसं दिसली की "बंधू आणि भगिनींनो". ते म्हणाले, "लग्नाची भाड्याची घोडी नको. ती ढोल ऐकला की नाचते. हा नाच नाही, हा सन्मान आहे! घोडा पाहिजे. भारदस्त." आणि त्यांना तसा सापडला पण. घाटकोपरच्या एका लग्नात त्यांनी बघितला, डीजे छाती फोडतोय, पोरं स्प्रे मारतायत, आणि हा पांढरा घोडा मधोमध उभा. डोळा मिटून. बँकेत पासबुक भरायला आलेल्या पेन्शनरसारखा. नाव मखमल. मालकीण शकुताई, जोगेश्वरीला एका तबेल्याच्या कोपऱ्यात तिचे दोन घोडे. काकांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, आठ दिवस आधी घोडा वस्तीत आणायचा, म्हणजे त्याला आपली सवय होईल.

सवय झाली हो! वस्तीला त्याची झाली, त्याला वस्तीची झाली. विहारामागे मंडळाची शेड आहे, तिथे बांधला. दिवसभर बाया त्याला गाजरं घालतायत, पोरं सेल्फी काढतायत, हा निवांत. मग त्या सगळ्या चाचण्या झाल्या, फटाके, डीजे, जेसीबी. शिवदासकाका एकेक टिक करत होते. आणि बसायचं मी काढलं तर, "त्याच्यावर पहिला मान आबांचा. आबांच्या आधी कोणी बूड लावायचं नाही!" सगळ्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. ठराव पास.

शेवटी आजी आली. पाण्याची बादली घेऊन चालली होती, थांबली, म्हणाली, "ते सगळं खरं. पण माणूस बसल्यावर तो चालतो का?"

पाच पदाधिकारी, एक घोडा, सगळे जमिनीकडे बघतायत. आता आजी तर शाळेत गेलेली नाही. पण तिला विचारायची आहे का कोणाची हिंमत, तुझं शिक्षण किती? नाही!

मग ठरलं, ट्रायल घ्यायची. कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले. "आबांच्याच वजनाचा आहेस तू. तसाही घरीच असतोस." मी म्हटलं, "आणि तो पहिला मान?" तर शिवदासकाका म्हणाले, "तुझं बसणं धरायचं नाही."

म्हणजे माझं शिक्षण धरत नाहीत, मत धरत नाहीत, आता बसणंही धरत नाहीत! म्हटलं, चला. स्टुलावर चढलो. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याकडून जरीचं खोगीर आणलं होतं, त्यावर टांग टाकली, बसलो. मखमलने पहिल्यांदाच डोळे पूर्ण उघडले. मान वळवून माझ्याकडे बघितलं... असं... म्हणजे आपण आंघोळ करत असताना कोणी दार उघडलं तर बघतो ना, तसं. मग त्याने डोकं खाली घातलं, पाठीची कमान केली, आणि मागचे दोन पाय आभाळात! मी कुठून गेलो, कसा गेलो, काय माहीत नाही. मंडळाच्या पत्र्यावरचा बोर्ड मला वरून वाचता आला, एवढं आठवतं. मग धप्प.

आणि घोडा? परत डोळे मिटून उभा. जणू काही झालंच नाही!

पाचही म्हातारे धावत आले. घोड्याकडे. "लागलं नाही ना त्याला?"

त्या दिवशी मी चारदा बसलो, चारदा पडलो. आणि दर वेळी खालून मला वेगळं ज्ञान. एक म्हणतो गुडघे आवळ, दुसरा म्हणतो गुडघे सोड. एक म्हणतो त्याच्या कानात बोल. काय बोलू? "नमस्कार"? एकाने सांगितलं, मालवणात त्याच्या मेव्हण्याकडे असाच एक बैल होता. अरे बैलाचं काय मध्येच! मी धूळ थुंकत म्हटलं, "त्याला काहीतरी दुखत असेल, नाहीतर कळत नसेल, त्या शकुताईंना फोन करा ना." "प्रबुद्ध, तुझं शिक्षण..." हो, हो, माहितीय.

दुसऱ्या दिवशी शिवदासकाका आले ते निदान घेऊनच आले. चेहरा गंभीर. हात मागे. म्हणाले, "मी रात्रभर विचार केला. हा घोडा मनुवादी आहे."

मी हसलो. कोणीच हसलं नाही.

"हसू नकोस! फटाक्याला हलत नाही, जेसीबीला हलत नाही, आपला माणूस बसला की उधळतो. याचा अर्थ काय? मालकिणीने तसा शिकवलाय." आणि आबा! आबा बाकावर बसलेले, तोंड एवढंसं झालेलं. हळूच म्हणाले, "तिकडचाही पांढराच होता."

बोला आता! काय करणार? मी म्हटलं, काका, सोपं आहे, दुसऱ्या कोणाला तरी बसवून बघू. हे मात्र त्यांना पटलं, कारण त्यात त्यांचं म्हणणं सिद्ध होणार होतं. मग मी ओजसला फोन लावला. ओजस माझा डिप्लोमातला मित्र, मुलुंडला राहतो, जातीने ब्राह्मण, स्वभावाने भित्रा, सगळे पेपर पहिल्या फटक्यात पास. त्याला म्हटलं, ये, घोड्यावर बसायचंय, बिर्याणी आहे. आला बिचारा. पाचही म्हातारे रांगेत खुर्च्या टाकून बसले. शिवदासकाकांनी मोजायची टेप आणलेली. शपथ!

ओजस म्हणतो, "काका, काळजी करू नका, मला माथेरानचा अनुभव आहे." माथेरानला याने दोरी धरणाऱ्या माणसाचा खांदा सोडला नव्हता, मी होतो ना तिथे! बसला. मखमलने डोळे उघडले. मान वळवली. बघितलं.

तुम्हाला सांगतो, माझ्यापेक्षा साडेतीन फूट लांब! टेपने मोजलं. ओजस रेतीच्या ढिगावर उताणा, म्हणतोय, "प्रब्या... हा घोडा पेटलाय का रे?" आणि इकडे म्हातारे एकमेकांचे हात हातात घेऊन हलवतायत. "पाडलं! त्यालाही पाडलं!" शिवदासकाका खुर्चीवरून उठले, घसा साफ केला, म्हणाले, "मी माझे शब्द मागे घेतो. घोडा समतावादी आहे." आबांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांतलं पहिलं हसू. आजीने ओजसला हळद लावली, बिर्याणी वाढली, वर म्हणाली, "चांगला पडलास रे बाळा." ओजस अजून माझा फोन उचलत नाही.

पण प्रश्न होता तिथेच ना! घोडा सगळ्यांना समान पाडतो, म्हणजे आबांनाही पाडणार. वरातीला उरले पाच दिवस. मग मी कोणाला न विचारता शकुताईंना फोन लावला. ती बाई दुपारी हजर. पन्नाशीची, हातात काचेच्या बांगड्या, खांद्यावर लगाम. तिने ते जरीचं खोगीर बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे बाळा, ह्याच्यावर बसलात? ह्याच्यावर जन्मात कोणी बसलेलं नाही! बग्गीचा घोडा आहे तो. आधी माझ्या बापाची व्हिक्टोरिया घोडागाडी ओढायचा, ती बंद झाली, मग लग्नाची बग्गी. त्याला वजन मागे असतं ते माहिती. पाठीवर काही आलं की त्याला वाटतं जनावर पडलं अंगावर."

घाटकोपरच्या लग्नात तो पुतळ्यासारखा उभा होता, कारण बग्गीला जुंपलेला होता! काकांना घोडा दिसला, बग्गी दिसली नाही. मी म्हटलं, "ताई, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले की! मी ह्यांना विचारलं, बग्गी नको तर नुसत्या घोड्याचं काय करणार? तर हे माझ्यावर चढलेच. 'घोड्याचं काय करणार म्हणजे? आमच्या माणसांनी घोडा घेऊ नये? कोणत्या शतकात राहता?' अर्धा तास भाषण दिलं. मला वाटलं, घोडा नुसता पुढे चालवायचा असेल. मी गप्प बसले."

मी शिवदासकाकांकडे बघितलं. काका झाडाकडे बघत होते. आयुष्यभर ज्या प्रश्नाची भीती, तो प्रश्न बाईने विचारला, आणि तिला खरंच फक्त उत्तर पाहिजे होतं! मला पहिल्यांदा संधी होती विचारायची, काका, तुमचं शिक्षण किती? नाही विचारलं. म्हाताऱ्याचे कान लाल झाले होते.

शकुताई म्हणाली, "एवढं काय, बग्गी पाठवते. म्हातारा-म्हातारी दोघं बसतील. मखमल गेटपासून पनवेलपर्यंत नेईल." सगळ्यांच्या जिवात जीव आला. झकास! सुटलो! ती बग्गीच्या तयारीला निघून गेली, मी पळत आबांकडे गेलो, म्हटलं, "आबा, जमलं. बग्गी येतेय. आजी पण बसेल."

आबा म्हणाले, "नाही."

"अहो, घोडा तोच आहे. फक्त गाडीत बसायचं."

आबांनी मान हलवली. मग म्हणाले, "तेच म्हणले होते ते."

"कोण?"

"वेशीतले. गाडीत बसून जा म्हणले. गाडी चालते तुमच्यातल्यांले, बैलाची, रेड्याची, कशाची बी. घोड्याच्या पाठीवर नाही. त्यायनं गाडी आणली होती, पोट्ट्या. मी नाही बसलो. म्हणून चाललो."

हजार वेळा ऐकली होती टेप. हा तुकडा कधीच नव्हता त्यात. मला वाटायचं, ह्यांना उतरवलं आणि हे मुकाट चालत गेले. मी तिथे उभा, हातात फोन, शकुताई लाईनवर, "हॅलो, बग्गी पाठवू ना?"

"नको ताई," म्हटलं. "तुम्ही या फक्त. मला शिकवा."

मग पाच दिवस, काय सांगू तुम्हाला, मी आणि तो घोडा! पहिल्या दिवशी रेतीचं पोतं त्याच्या पाठीवर. तो पोतं पाडतो. परत पोतं. परत पाडतो. गूळ. परत पोतं. दुसऱ्या दिवशी त्याने पोतं ठेवून घेतलं, उपकार केल्यासारखं. तिसऱ्या दिवशी मी पोटावर आडवा पडलो त्याच्या पाठीवर, ओल्या चादरीसारखा, आणि तसाच शेडला फेऱ्या, खाली बायका पाणी भरतायत, "काय गं, हा सीतारामभाऊंचाच नातू ना?" चौथ्या दिवशी बसलो. तो थरथरला, पण उभा राहिला. मला रडू आलं, पण शकुताई बघत होती म्हणून शिंकलो. शनिवारी चाललो. एक, दोन, तीन... नऊ पावलं! दहाव्याला मी खाली. परत. नऊ. परत. सात. परत. नऊ. नऊच्या पुढे त्याला आठवायचं की अरे, पाठीवर कोणीतरी आहे!

शकुताई म्हणाली, "दोन महिने दे त्याला. पोराने चालवला तरी चालेल." मी शिवदासकाकांना म्हटलं, वरात दोन महिने पुढे ढकला. ते म्हणाले, "पत्रिका वाटून झाल्यात, भंतेजी येणार आहेत, केटरर सांगितलाय." म्हटलं, मरेल म्हातारा! तर त्यांनी तोंड उघडलं, मला माहीत होतं काय येणार ते, पण या वेळी ते आलंच नाही. नुसते म्हणाले, "तू लगाम धर."

रविवार. पाच वाजता. अख्खी वस्ती गेटपासून विहारापर्यंत दोन्ही बाजूंना. आबा पांढऱ्या कुर्त्यात, निळा फेटा. आजी नवीन साडी नेसून विहाराच्या पायरीवर खुर्ची टाकून बसलेली, म्हणाली, "मी आधीपण अशीच बसून वाट बघितली, आताही बघते." शिवदासकाकांनी माईक घेतला. पस्तीस मिनिटं! पंच्याहत्तर सालापासून आजपर्यंत सगळं, मध्ये टपाल खात्याचा संपही येऊन गेला. घोडा झोपला. खरंच झोपला. मला वाटलं, बोलत राहा काका, झोपेतच नेतो ह्याला.

मग आबा स्टुलावर चढले. मी लगाम धरलेला. त्यांनी टांग टाकली, पंच्याहत्तर वर्षांची टांग, शिवदासकाकांनी खालून ढकललं, आणि बसले. मखमलने डोळे उघडले. थरथरला. उभा राहिला.

फोटोवाल्याने फोटो काढला. मी हळू आवाजात म्हटलं, "आबा, झालं. बसलात. फोटो आला. आता उतरा ना, पाया पडतो."

आबांनी खाली बघितलंही नाही. "बसाले नाही आलो पोट्ट्या. जायाले आलो. चालव."

चालवला. काय करणार? मी मोजत होतो. दुसरं कोणी मोजत नव्हतं, सगळे टाळ्या वाजवत होते, फुलं टाकत होते, मी मोजत होतो. पाच. सहा. सात. आबा ताठ. आठ. नऊ... मी डोळे मिटले. दहा! दहा?! डोळे उघडले, आबा वरच! अकरा! आणि मी म्हटलं, च्यायला, जमतंय की काय...

तिथे गेली ना पाठ वर!

मी लगाम सोडून झेलायला धावलो, ते माझ्या खांद्यावरून घसरून ढोलवाल्याच्या अंगावर, तो त्याच्या ढोलावर, आणि फेटा पोरांनी उचलून पळवत नेला तो थेट विहाराच्या पायरीपर्यंत. आजीच्या पायाशी. तिने उचलला, झटकला, म्हणाली, "हा तरी पोहोचला."

मनगट मोडलं होतं. बाकी काही नाही. सरकारी दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर, झोप न झालेला, केसपेपर भरतोय. "काय झालं आजोबा? बाथरूममध्ये घसरलात?"

आबा म्हणाले, "घोड्यावरून पडलो."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने लिहिलं, 'पडून दुखापत'. आबांनी वाकून वाचलं आणि हात मागे घेतला. मोडलेला हात! "पुरं लिहा. घोड्यावरून."

"अहो, त्याने ट्रीटमेंटमध्ये काही फरक पडत नाही."

"तुमाले नाही पडत. लिहा, सीताराम, वय पंच्याहत्तर, घोड्यावरून पडला. पडाले आधी चढा लागते, डॉक्टर. कोणी उतरवलं नाही मले. पडलो."

डॉक्टरने लिहिलं. शिक्का मारून घेतला आबांनी त्याच्यावर! मग डॉक्टरचं लक्ष माझ्याकडे गेलं, मी कमरेत वाकलेलो, कोपरं सोललेली. "आणि तुला काय झालं?" मी म्हटलं, "मी पण... त्याच घोड्यावरून." त्याने पेन उचललं. तर आबा म्हणतात, "त्याचं नका लिहू. तो नुसता सरावात पडला."

आता तो केसपेपर लॅमिनेट करून आमच्या हॉलमध्ये आहे, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंच्या खाली. येईल त्याला दाखवतात. टेप बदलली, तेवढंच बरं. पण तुम्हाला वाटलं असेल, सुटला बिचारा प्रबुद्ध? कुठला! प्लास्टर सहा आठवड्यांचं आहे. दुसऱ्याच दिवशी आबा म्हणाले, "अकरा झाले. दोनशे एकोणनव्वद राहिले. तवर मखमलले तयार कर." शकुताईही लगेच तयार, म्हणाली, "ठेवा, बग्गीचा सीझन संपलाय."

आणि रोज सकाळी मी शेडमध्ये पोतं उतरवतो, बसतो, पडतो. आबा समोर खुर्ची टाकून, गळ्यात हात अडकवून, ओरडतात, "पोट्ट्या, खांदे मागं! मान वर! घोड्याकडं नको पाहू, रस्त्याकडं पाह!" अरे, पन्नास वर्षांत अर्धं मिनिट घोड्यावर बसलेला माणूस मला घोडेस्वारी शिकवतोय!

पण उलट बोलू कुठल्या तोंडाने? त्यांची अकरा पावलं झालीत. मी अजून नऊवरच पडतोय.